जिन्याखाली घेतलेलं माप

त्या गल्लीतल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला तोंडावर सगळे मिस्त्री म्हणत, आणि पाठ फिरली की ओळंबा. त्याचा बाप गवंडी होता. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे बघायचा पितळी ओळंबा, एवढीच बापाची इस्टेट त्याच्या वाट्याला आली होती. पोरानेही भिंतीच बांधाव्यात असं बापाला वाटत होतं. म्हणून पंधराव्या वर्षी त्याला परांचीवर चढवलं, तर पोरगं वर जाऊन बांबूला मिठी मारून डोळे मिटून बसलं. त्याला खाली उतरवायला चार माणसं, एक दोरखंड आणि आईच्या शपथा लागल्या. आपला धंदा जमिनीलगतचा असावा, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. सायकल बरी. ती कितीही मोठी झाली तरी माणसाच्या कमरेच्या वर जात नाही.

ओळंबा मात्र त्याने सोडला नाही. सायकल घेऊन कोणी आलं की तो आधी माणसाचं माप घेई आणि मग सायकलचं. माणसाला सीटवर बसवायचं, पायडल आडवी करायची, गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडायचा, आणि तो पायडलच्या बरोब्बर मधोमध येईपर्यंत सीट मागेपुढे सरकवत राहायची. गिऱ्हाईक कंटाळून म्हणे, "मिस्त्री, मला फक्त बाजारात जायचंय." त्यावर तो विचारी, "बाजारात जाताना गुडघा वेगळा असतो का?"

त्याचा आणखी एक नेम होता. माप घ्यायचं ते दुकानाच्या आतच. भर रस्त्यात माणसाच्या मांडीला टेप लावणं त्याला असभ्य वाटे. गिऱ्हाइकाला आत घ्यायचं, दार अर्धं लोटायचं, डॉक्टरासारखा घसा खाकरायचा आणि मग विचारायचं, "लावू का?"

हे दुकान एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. पुढे उंची बऱ्यापैकी, आणि आत जावं तसं छत पायरीपायरीने खाली येत आलेलं. जागा फळ्या ठोकून दोघांत वाटलेली होती. अर्ध्यात ओळंबा, अर्ध्यात शिंपी. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. ओळंब्याची स्वतःची उंची पाच फुटांना जेमतेम टेकलेली, आणि मास्तर दिवसभर मशीनवर बसलेला. त्यामुळे छत ठेंगणं आहे ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांत दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

एका रविवारी सकाळी दुकानातला उजेड अचानक गेला. ओळंब्याने मान वर केली, तर दारात एक पँट उभी होती. पँटच्या वरचं सगळं चौकटीच्या पलीकडे होतं. मग ती पँट मधोमध दुमडली, आणि तिच्यामागून एक लाजरा, भला थोरला चेहरा आत आला.

हा टपाल कचेरीतला कारकून. तीस वर्षं तो तिकिटांच्या खिडकीमागे बसत आला होता. खिडकी एवढीशी, त्यामुळे लोकांनी त्याची हनुवटी आणि बोटं एवढंच पाहिलेलं. बाहेर भेटला तर लोक ओळखत नसत, आणि ओळखलंच तर विचारत, "एवढे सगळे तुम्हीच का?" गल्लीत त्याला खांब म्हणत. कुणी खांब म्हणून हाक मारली की तो आपला गुमान वळून बघे. एवढंच नव्हे, तर बोलणं विजेच्या खांबाबद्दल असेल तर माफीही मागे.

खांद्यावरून त्याने निळ्या नळ्यांचं एक लचांड खाली ठेवलं. म्हणाला, भंगारवाल्याच्या कुंपणात उभं होतं, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. दोन चाकंही होती, ती भोपळ्याच्या वेलाखाली. "मला वाटतं, ही सायकल असावी," तो म्हणाला.

मास्तरने फळीच्या फटीला डोळा लावला आणि ही सर्कशीतली असल्याचं सांगून टाकलं. ओळंबा त्या फ्रेमच्या शेजारी उभा राहिला, तेव्हा वरची नळी त्याच्या बरगड्यांना लागली. सायकल कमरेच्या वर जात नाही हा आयुष्यभराचा भरवसा, तो त्या सकाळी गेला.

ओळंब्याचा पहिला अंदाज असा की कुणीतरी दोन फ्रेमी कापून एकीला दुसरी जोडली असणार. त्याने तीन दिवस रंग खरवडला. निळ्याखाली लाल निघाला, लालखाली चंदेरी, चंदेरीखाली गर्द हिरवा. जोड काही निघेना. बायको म्हणाली, "अहो, हाडं लागतील आता, पुरे." चौथ्या दिवशी त्याने कानस खाली ठेवली. सायकल कुणी वाढवलेली नव्हती. ती जन्मतःच एवढी होती.

मग ती कोण, हे त्याने शोधायला घेतलं. पुढे डोक्यावर कंपनीची पट्टी असते तिथे नुसती दोन भोकं उरलेली, तेव्हा नावाचा प्रश्नच मिटला. पण बाकीच्या खुणा जागच्या जागी होत्या. चाकाची आस बसते तिथे दोन-दोन भोकं, एक मडगार्डसाठी आणि एक सामानाच्या कॅरियरसाठी. मागचं चाक नेहमीपेक्षा चार बोटं मागे, म्हणजे दोन्ही बाजूंना बोचकी टांगली तरी टाच त्यांना लागू नये. पुढचं चाक धरणारा चिमटा हळुवार वाकवलेला, खड्ड्यात मनगटाला दणका बसू नये म्हणून. नळ्यांचे सांधे कुणीतरी हाताने कानस मारून कागदासारखे पातळ केलेले. पायडलीचा दांडा फिरतो त्या कटोरीखाली सत्तावीस हा आकडा ठोकलेला, म्हणजे सीटची नळी सत्तावीस इंच. आणि चेनच्या बाजूच्या नळीवर दोन इवलेसे खुंट, त्यांत चार रंगांखाली गाडल्या गेलेल्या चाकाच्या दोन जादा तारा. त्या तारांशी ओळंबा बराच वेळ बसून राहिला. जिथे तार तुटेल तिथे दुकान नसेल हे ज्याला माहीत आहे, तोच माणूस जादा तारा घेऊन निघतो.

पुढच्या रविवारी त्याने खांबाला सांगितलं, नाव कळलं नाही, पण घराणं कळलं. ही लांबच्या प्रवासाची सायकल. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, आणि कुणीतरी अंगाचं माप देऊन बनवून घेतलेली.

"म्हणजे माझ्याएवढा माणूस होता?" खांबाने विचारलं.

"होता. आणि बराच लांब कुठंतरी जात असणार."

खांबाने फ्रेमवर हात ठेवला. "एकटाच जात असेल का हो?"

"ते फ्रेमवरून कळत नाही," ओळंबा म्हणाला. जे कळत नाही ते सांगायची त्याला सवय नव्हती.

खांबाला ही सायकल कशाला हवी होती, ते त्याने चहा पिता पिता सांगितलं. त्याला एक मोठी बहीण होती, बत्तीस किलोमीटरवर राहणारी. तीही त्याच्याएवढीच उंच. जगात ती एकच अशी की तिच्याशी बोलताना मान वाकवावी लागत नाही. तिचे यजमान सुतार होते, अगदी ठेंगू, पण लग्न झाल्यावर त्यांनी घराची सगळी दारं काढून बायकोच्या मापाची बसवली. ते वारले. नऊ महिन्यांपूर्वी ताई पडली, खुबा मोडला, आणि तिचं येणं थांबलं. खांब एकदा बसने गेला होता. सीटवर त्याचे गुडघे मावत नाहीत, उभं राहिलं तर डोकं मावत नाही, म्हणून दीड तास मान मोडून उभा राहिला. ती मान नंतर वर होईना. अख्खा दिवस तो ताईच्या पायांशी बोलला आणि तसाच परत आला. फोनवर ती म्हणते, "नुसता आवाज काय करू? तोंड दाखव." ती सत्तरीची, हा साठीला टेकलेला. दर रविवारी जाऊन यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

ओळंब्याने मनावर घेतलं. चाकांना नव्या तारा भरल्या, बेअरिंगचे छर्रे बदलले, ब्रेक घातले, सीटचा लांब दांडा तेल पाजून मोकळा केला. मग खांबाला आत घेतलं, दार अर्धं लोटलं आणि घसा खाकरला. उभ्याचं माप, बसल्याचं माप, पायाचं, हाताचं. सायकल स्टँडवर, खांब सायकलवर, ओळंबा गुडघ्याखाली. तासाभरात सगळं दोऱ्यात बसलं. इतकं सुरेख माप त्याच्या हातून कधी जमलं नव्हतं.

सायकल रस्त्यावर आली आणि खांब तिच्यावर बसला, तर गुडघे कोपरांना लागले. दहा हात जाऊन तो न्हाव्याच्या बाकड्यावर आदळला.

पुन्हा आत. ओळंबा सोडला, बरोबर. पुन्हा बाहेर, चूक. त्या दिवशी सायकल सहा वेळा आत गेली आणि सहा वेळा बाहेर आली. पुढच्या रविवारी तेच. ओळंब्याने टेप बदलली. मग उन्हाने नळ्या फुगतात का ते पाहायला सायकल तासभर उन्हात आणि तासभर सावलीत ठेवली. मग रस्त्याला उतार आहे का ते पाहिलं. न्हावी म्हणाला, सायकलला कोंबड्या राखायची सवय आहे, तिला माणूस चालत नाही. मास्तरचं म्हणणं वेगळं. "अरे मिस्त्री, दोष या माणसाच्या अंगात आहे. अठरा वर्षं मी यांच्या पँटी शिवतोय. इथून अगदी मापात जातात आणि चौथ्या दिवशी घोट्याच्या वर येतात. कापड आटतं, असं मी समजत होतो. आता वाटतं, कापड बिचारं निर्दोष आहे."

खांब दोघांचीही माफी मागत होता.

तिसऱ्या रविवारी ओळंब्याच्या हातून छर्‍यांची डबी सांडली. बायको डबा घेऊन आली होती, ती पदर खोचून जमिनीवर बसली आणि एकेक छर्रा वेचू लागली. वेचता वेचता ती खांबाच्या पायांपाशी आली, थांबली, आणि खालूनच तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही उभे आहात की बसताय?"

"उभाच आहे की, वहिनी," खांब म्हणाला. "अगदी सरळ."

"मग गुडघे का दुमडलेत?"

ओळंब्याने दोरा उचलला. खुब्यापासून खाली सोडला. दोरा घोट्याशी गेला, आणि गुडघा त्याच्या चार बोटं पुढे निघालेला. ढगळ पँटीत ते दिसत नव्हतं. खांबाने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसं. त्याने ताणायचा प्रयत्न केला, तर डोकं ठक्कन जिन्याच्या पायरीला लागलं, आणि वरून कुणीतरी "कोण आहे?" असं विचारलं. गुडघे आपोआप पूर्ववत झाले. कचेरी, खिडकी, दारं, पंखे, दिवे. पन्नास वर्षं तो छताखाली असाच उभा राहत आला होता, आणि हेच आपलं सरळ, अशी त्याची समजूत होती.

फळीच्या पलीकडे मशीन थांबलं. थोड्या वेळाने मास्तर स्वतःच्या दुकानात उठून उभा राहिला, त्याचंही डोकं लागलं, आणि मग अठरा वर्षांच्या पँटींचा हिशेब त्याला एकदम उमगला. त्या दिवशी त्याने दुपारीच मशीन झाकून दुकान बंद केलं.

उपाय उघड होता. माप बाहेर, आभाळाखाली घ्यायचं. आपला पंचेचाळीस वर्षांचा नेम मोडायला ओळंबा तयार झाला. दोन रात्री त्याला नीट झोप लागली नाही, पण झाला. खांब मात्र तयार होईना. एरवी कशालाही नाही न म्हणणारा माणूस, पण इथे अडून बसला. शाळेत असताना गणिताच्या गुरुजींनी सावलीवरून उंची काढायचा धडा शिकवायला त्याला मैदानात उभा केला होता. आधी एक वर्ग आला. मग गुरुजींना उदाहरण फारच आवडलं, म्हणून एकामागून एक सगळे वर्ग आले. सकाळपासून सावली लांब, आखूड आणि पुन्हा लांब होईपर्यंत पोरं त्याच्या सावलीवरून पट्ट्या घेऊन चालली. तेव्हापासून उघड्यावर तो सरळ उभा राहिलाच नाही. मनात आणलं तरी पाय ऐकत नाहीत, असं तो म्हणाला.

"मग ताईचं काय?" ओळंब्याने विचारलं.

खांबाने सायकल भिंतीला टेकवली, अगदी हळू. "तिला सांगतो, जमत नाही म्हणून," तो म्हणाला आणि वाकून बाहेर पडला.

यातून वाट काढली ती मास्तरने. आखूड पँटींचं ओझं त्याच्या मनावर होतं. तो आठवडाभर घरोघर, दुकानोदुकान फिरला आणि सगळ्यांना एकच विनंती केली. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता पाच मिनिटं सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. का, ते विचारायचं नाही. मास्तरला सगळ्यांची मापं माहीत होती, कुणाचं पोट किती वाढलंय तेही, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. खांबाला ही बातमी कळली तेव्हा तो इतका ओशाळला की नको म्हणायचंही त्याच्याने झालं नाही.

रविवारी आठ वाजता अख्खी गल्ली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. किराणावाला, त्याची सून, दूधवाला, वरच्या मजल्यावरची माणसं आपापल्या गॅलरीत पाठमोरी. रस्त्याने जाणारा एक अनोळखी गृहस्थ काय चाललंय ते न कळून तोही एका दाराकडे तोंड करून थांबला. न्हावीही पाठ करून उभा राहिला, पण आरशासमोर. मास्तरने जाऊन आरशावर चादर टाकली आणि मग स्वतः वळला.

रस्त्यावर ओळंबा आणि खांब दोघेच उरले. खांबाने भिंतीला पाठ लावली.

"ताई समोर आहे असं समजा, साहेब," ओळंबा म्हणाला.

आधी खांबाचे गुडघे मागे गेले. मग कंबर वर आली. मग पाठ, एकेक मणका मोजून ठेवावा तशी. शेवटी मान. तो वर जात राहिला, आणि आता संपला असं वाटल्यावरही थोडा आणखी गेला. सहा फूट नऊ इंच. मांड्यांत जाड वही धरून ओळंब्याने पायाचं माप घेतलं आणि आकडा वाचला, तो आधीच्या आकड्यापेक्षा पाच बोटं जास्त. चूक तर नाही ना, म्हणून त्याने वर पाहिलं. पार वर त्या माणसाचा चेहरा होता, त्याच्यामागे आभाळ, आणि चेहरा हसत होता. ओळंब्याला परांचीवरचा तो दिवस आठवला. स्वतः जमिनीवर उभा असून त्याला चक्कर आली. त्याने सीट पाच बोटं वर ओढली, नट दोन बोटांनी नुसता फिरवला, "बसून बघा" असं म्हटलं, आणि पायरीवर बसून डोळे गच्च मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं.

"झालं का?" मास्तरने भिंतीलाच विचारलं.

सगळे वळले. खांब नव्हता, सायकल नव्हती. कुठल्या दिशेने गेला हे कुणालाच सांगता येईना, कारण गल्लीने शब्द पाळला होता. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल, म्हणून दहा मिनिटं सगळे थांबले. ओळंब्याची नजर हातातल्या पान्यावर गेली. नट आवळलाच नव्हता. पंचेचाळीस वर्षांत त्याच्या हातून न आवळलेला नट घेऊन कोणी गेलं नव्हतं. आणि हा माणूस कोपऱ्यावर गेलेला नाही, तो बहिणीकडे गेला, हे त्याला पान्याइतकं स्पष्ट कळलं.

ओळंबा वीस वर्षं सायकलवर बसला नव्हता. स्वतःची सायकल त्याने कधीच देऊन टाकलेली, आणि जवळ होती ती एकच, मास्तरची. मास्तर तिला कुणाचा हात लावू देत नसे. माझं माप मी घेतो, असा त्याचा बाणा. सीट त्याच्या मापाने बसवलेली, दांडा गंजून नळीत धरलेला, दोघांनी मिळून पिळलं तरी हलला नाही. बायको म्हणाली, "तुम्ही? यावरून? वर चढून बसायला शिडी आणू का?" ओळंबा पायरीवरून सायकलवर चढला, पायडल पायांच्या बोटांनी कशीबशी गाठली, आणि निघाला.

गावाबाहेर नाक्यावर त्याने चौकीदाराला विचारलं, एक उंच माणूस सायकलवरून गेला का? "उंच?" चौकीदार म्हणाला, "झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखा होता. मी फाटक आणखी वर केलं." आठ किलोमीटरवर गुऱ्हाळाच्या बाहेर बसलेली बाई म्हणाली, हो गेला, चांगला उंच होता. पुलाशी मासे धरणाऱ्याने सांगितलं, साधारण माणूस होता, जरा लांब हाताचा. ओळंब्याने हिशेब केला. दर पाच किलोमीटरला सीट एक बोट खाली घसरत होती. विसाव्या किलोमीटरला एक मेंढपाळ म्हणाला, एक माणूस गेला खरा, पण बेडकासारखा, गुडघे कानांशी. "आणि गात होता," मेंढपाळ पुढे म्हणाला. ओळंब्याची स्वतःची गत तीच होती, फक्त उलटी. पाय पुरत नव्हते, प्रत्येक फेरीला तो सीटवरून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलंडत होता. दोनदा तो पडला, आणि दोन्ही वेळा पान्याला आधी वाचवलं.

ताईचं घर लांबूनच ओळखू आलं, कारण त्याचं दार शेजारच्या घरांच्या छपरांएवढं होतं. अंगणात ती खरवडून हिरवी झालेली सायकल टेकवलेली, तिची सीट नळीला लागून बसलेली. दाराची कडी ओळंब्याच्या हाताच्या वीतभर वर होती. त्याने उडी मारून पाहिलं आणि शेवटी पान्याने दार ठोठावलं.

दार उघडलं खांबाने. तो चौकटीत ताठ उभा होता आणि वरती तरी वीतभर जागा उरली होती. आत खिडकीला टेकून, काठीवर भार देऊन, तितकीच उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी. दोघं काय बोलत होती कोण जाणे, पण त्यांच्या नजरा सरळ रेषेत होत्या, आणि ओळंब्याच्या डोक्यावरून ती रेष चालली होती.

"नट," ओळंबा धापा टाकत म्हणाला.

खांबाने सांगितलं की हो, गुडघे जरा वर यायला लागले होते खरे. पण आयुष्यभर त्याला सगळं लहानच पडत आलेलं, त्यामुळे काही बिघडलंय असं त्याला वाटलं नाही. ओळंब्याला खुर्ची दिली गेली. त्याचे पाय जमिनीला टेकेनात. पाण्याचा तांब्या फळीवर होता, तो त्याला दिसला नाही. ताईने पाणी दिलं, वाकली आणि कौतुकाने म्हणाली, "याला सरळ उभं केलंत तुम्ही? मी पन्नास वर्षं सांगतेय."

"गल्लीने केलं," ओळंबा म्हणाला. "पाठ करून."

घाम पुसून झाल्यावर तो अंगणात गेला. सीट पाच बोटं वर घेतली. आजूबाजूची दोन-चार माणसं जमली होती, पोरं कुंपणावर चढली होती. खांब त्यांच्यासमोर सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला. एकदा त्याचे गुडघे किंचित वळले. खिडकीतून ताई नुसती खाकरली, आणि ते परत ताणले गेले.

ओळंबा पाना लावणार तोच ती वरून म्हणाली, "मिस्त्री, अजून एक बोट वर."

आजवर मापाच्या बाबतीत त्याने कुणाचं ऐकलेलं नव्हतं. त्याने दोरा काढला, गुडघ्यापासून सोडला, डोळा बारीक करून पाहिलं. सीट एक बोट वर घेतली आणि नट आवळला. तीनदा आवळला. खांबाने अंगणाला एक फेरी मारली, मग दुसरी. गुडघा, पायडल, पाठ, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या फेरीला तो घंटी वाजवत होता, समोर कुणीही नसताना.

उन्हं उतरायला आली तशी ताईनेच त्याला हटकलं. उद्या खिडकी उघडायची आहे, निघायला हवं. तो निघाला नाही, सायकल हातात धरून उभाच राहिला.

"जा आता," ती म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी ये. जेवायलाच ये. पण या मिस्त्रींना आणू नकोस रे, त्यांच्या गुडघ्यांचं काय झालंय बघ."

ओळंब्याने खाली पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर पँट फाटली होती, आणि ती मास्तरनेच शिवलेली होती.